डांबरात जस्त कुठून आलं?

थंडोबा | शुक्रवार, रात्री ११:४०

मंडळी, मी कॅनडात, ऑन्टॅरिओ प्रांतात, रस्त्याच्या मालाची तपासणी करणाऱ्या एका लहान खाजगी लॅबमध्ये कामाला आहे. आई शेजाऱ्यांना "मुलगा तिकडे डांबर बघतो" असं सांगते आणि ते शब्दशः खरं आहे.

या महिन्यात एक प्रकरण आलंय. एका छोट्या गावाच्या नगरपालिकेने (नाव सांगत नाही) रस्ता नवा केला. पहिले दोन हिवाळे ठीक गेले. तिसऱ्या हिवाळ्यानंतर बर्फ वितळला तेव्हा दर सात-आठ पावलांवर या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी भेग. खड्डे नाहीत, रस्ता खचलेला नाही, वाहतूकही बेताचीच. नारळाच्या वड्यांच्या ताटात सुरीने रेघा ओढाव्यात तसा दिसतो.

त्यांनी रस्त्यातून कापून काढलेले गोल तुकडे, म्हणजे कोअर, पाठवले, आणि काम चालू असताना टँकमधून काढून ठेवलेला डांबराचा एक डबाही. दोन्ही एक्सआरएफ यंत्रात ठेवले, म्हणजे क्ष-किरण टाकून कुठली मूलद्रव्यं आहेत ते ओळखणाऱ्या यंत्रात. जस्त आलं. कॅल्शियम आलं. थोडं मॉलिब्डेनमसुद्धा.

यात काय विशेष? खनिज तेलापासून निघालेल्या डांबरात गंधक भरपूर, व्हॅनेडियम आणि निकेल थोडं, पण जस्त जवळपास नसतंच. जस्त असतं इंजिन ऑइलमध्ये. झीज होऊ नये म्हणून त्यात झेडडीडीपी नावाचं जस्त-फॉस्फरसचं रसायन घालतात, काजळी आणि आम्ल सांभाळायला कॅल्शियमचे डिटर्जंट, घर्षण कमी करायला कधीकधी मॉलिब्डेनम. गाड्यांचं जुनं ऑइल गोळा करून पुन्हा शुद्ध करणारे कारखाने इथे आहेत. आधी पाणी उडवतात, मग त्यात मिसळलेलं इंधन, मग निर्वात मनोऱ्यात ऊर्ध्वपातन करून चांगलं बेस ऑइल काढून घेतात. तळाला काळा, चिकट साका उरतो. सगळे ॲडिटिव्ह आणि इंजिनातली झीज त्यात. या धंद्यात त्याला रीओब म्हणतात. कडक डांबरात तो मिसळला की डांबर मऊ होतं, थंडीचा ग्रेड (किती थंडीपर्यंत टिकेल तो दर्जा) कागदावर सुधारतो, आणि डांबरापेक्षा स्वस्त पडतो.

रिपोर्ट अजून लिहायचाय. तोवर तुमच्या शंका ऐकायच्यात, कारण समोरच्या पार्टीचा, म्हणजे ठेकेदाराचा, वकील त्याच विचारणार आहे.

---

डांबरट | शनिवार, सकाळी ७:१२

माझं सदस्यनाम शेवटी एका धाग्यावर शोभलं. जागा पकडून बसतो.

---

गॅरेजवाला | शनिवार, सकाळी ९:०५

आमच्याकडे जळकं ऑइल पिंपात साठवतो. महिन्यातून एकदा माणूस येतो, पैसे देतो, घेऊन जातो. मधेच सेंट्रिंगवाले प्लेटांना लावायला चार-पाच लिटर मागतात, कुणी वाळवीसाठी लाकडाला लावायला नेतं. रस्त्यात जातं हे पहिल्यांदाच ऐकतोय. हेच ऑइल थेट डांबरात ओततात का?

---

थंडोबा | शनिवार, सकाळी १०:३०

नाही दादा, तसं केलं तर त्यातलं पेट्रोल-डिझेल आणि पाणी डांबराच्या गरम टँकमध्ये उसळेल. रीओब म्हणजे तुमच्या पिंपातल्या मालातून चांगलं ते सगळं काढून घेतल्यावर उरलेला तळ.

आणि आधीच सांगतो, इथे हे चोरून चालतं असं समजू नका. रीओब अमेरिकेत १९८० च्या दशकापासून डांबरात घालतात, आणि ग्राहकाच्या स्पेसिफिकेशनमध्ये मनाई नसेल तर ते कायदेशीर आहे. नाहीतर तो साका जाणार कुठे, नदीत? माझं भांडण मालाशी नाही. किती घातला आणि सांगून घातला का, एवढंच विचारायचंय.

---

शंकासुर | शनिवार, दुपारी १२:४८

वकिलाचं काम मी करतो. जस्त सापडलं म्हणजे चोर सापडला असं होत नाही.

टायरच्या रबरात झिंक ऑक्साइड असतं. रबराचा चुरा मिसळलेलं डांबर असेल तर जस्त येणारच. कॅल्शियम म्हणाल तर खडी चुनखडीची असली की कोअरमध्ये कॅल्शियमच कॅल्शियम. फॉस्फरस म्हणाल तर डांबर कडक करायला पॉलिफॉस्फोरिक ॲसिड घालतात. मग उरलं काय?

---

थंडोबा | शनिवार, दुपारी २:२०

उरलं मॉलिब्डेनम. :)

पण तुमचे तिन्ही मुद्दे खरे आहेत, म्हणून एकेक घेतो.

फॉस्फरसवर मी मुळात विसंबतच नाही. एक्सआरएफमध्ये नमुन्यावर क्ष-किरण पडतात आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत फेकतं. जस्ताची खूण ८.६ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, मोकळ्या मैदानात उभी. फॉस्फरसची २ च्या जवळ, आणि लगेच शेजारी २.३ ला गंधक. डांबरात गंधक इतकं असतं की त्याच्या शिखराच्या सावलीत फॉस्फरस दडून जातो. वर हे कमजोर किरण हवेतच शोषले जातात, त्यामुळे हेलियम किंवा निर्वात लागतं.

कॅल्शियमचं म्हणाल तर कोअरमधून डांबर वेगळं काढताना ते द्रावकात विरघळवतात, आणि खडीची बारीक पूड कितीही गाळली तरी थोडी उरतेच. म्हणून कोअरमधलं कॅल्शियम मी पुरावा धरत नाही. टँकमधून काढलेल्या डब्यातलं धरतो, तिथे खडी आलेलीच नसते.

रबराचं जस्त हा खरा पेच आहे. पण रबराचा चुरा डांबरात पूर्ण विरघळत नाही, त्याचे कण दिसतात, चिकटपणा वेगळा येतो, आणि मॉलिब्डेनम त्यासोबत येत नाही. जस्त, कॅल्शियम आणि मॉलिब्डेनम एकाच स्वच्छ डब्यात सापडले की मला इंजिन ऑइलचाच वास येतो.

टक्केवारी मात्र मी अंदाज म्हणूनच देतो. शुद्ध डांबरात मोजून रीओब मिसळायचा, त्या मिश्रणांवर यंत्राची पट्टी बसवायची आणि त्यावर आपला नमुना वाचायचा. पण एका कारखान्याच्या रीओबमध्ये जस्त जास्त, दुसऱ्याच्यात कमी. आपल्या डब्यात कुणाचा रीओब आहे ते आपल्याला कुठे माहीत असतं?

---

रसायनवाली | शनिवार, संध्याकाळी ६:५५

वाचतेय, आवडतंय. मी सांगलीत कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, रस्त्यांमधलं काही कळत नाही. पण एक गोष्ट डोक्यात आली, चूक असेल तर सांगा.

डांबरातल्या जड, काळ्या भागाला ॲस्फाल्टीन म्हणतात ना? त्याची व्याख्याच मुळी "हेप्टेनमध्ये न विरघळणारा भाग" अशी आहे. म्हणजे प्रयोगशाळेत ॲस्फाल्टीन खाली पाडायचं असेल तर आम्ही पॅराफिन जातीचा पातळ हायड्रोकार्बन ओततो. इंजिनाचं बेस ऑइलही बहुतांशी पॅराफिन जातीचंच. मग डांबरात असलं तेल घालणं म्हणजे तोच प्रयोग सावकाश, रस्त्यावर करणं नाही का? ताक घुसळल्यावर एकजीव दिसतं, पण तासाभराने निवळ वर आणि ताक खाली.

---

थंडोबा | शनिवार, रात्री ८:४०

ताई, तुम्ही माझ्या रिपोर्टची प्रस्तावना लिहून टाकलीत.

अगदी हेच. ॲस्फाल्टीनचे पुंजके डांबरात तरंगते राहतात ते भोवतालच्या रेझिन आणि ॲरोमॅटिक तेलांच्या जोरावर. पॅराफिनी तेल आलं की तो आधार सैल होतो. ताजं असताना सगळं मऊ आणि छान. उन्हात आणि हवेत ऑक्सिडेशन होऊन डांबर म्हातारं होऊ लागलं की ॲस्फाल्टीन वाढतं, पुंजके एकमेकांना धरतात आणि आत जाळं तयार होतं. थंडीत डांबराने करायचं काम म्हणजे ताण आला की हळूहळू सैल होऊन तो जिरवणं. जाळं झालं की ताण जिरत नाही, साठतो. उणे तीस अंशांची एक रात्र आली की टर्र.

नेहमीची चाचणी हे का पकडत नाही ते सांगतो, कारण खरी गंमत तिथे आहे. पीजी ५८-२८ म्हणजे रस्ता ५८ अंशांपर्यंत तापला तरी टिकेल आणि उणे २८ पर्यंत गोठला तरी. ही पद्धत अमेरिकेत १९८७ ते १९९३ चाललेल्या शार्प संशोधन कार्यक्रमातून आली. थंडीच्या बाजूसाठी डांबराची कांडी ओततात, १२७ मिलिमीटर लांब, साधारण १२.७ रुंद, ६.३५ जाड. ती अल्कोहोलच्या गार बाथमध्ये एक तास ठेवून मधोमध सुमारे १०० ग्रॅमचा भार देतात आणि ती किती वाकते ते २४० सेकंद पाहतात. साठाव्या सेकंदाला कडकपणा ३०० मेगापास्कलपेक्षा जास्त नको, आणि सैलावण्याचा वेग, ज्याला एम-व्हॅल्यू म्हणतात, ०.३०० पेक्षा कमी नको. उणे २८ च्या ग्रेडसाठी बाथ उणे १८ ला ठेवतात, दहा अंश वर, म्हणजे डांबर लवकर सैलावतं आणि वेळ वाचतो.

या सगळ्यातला "एक तास" बघा. रस्ता थंडीत एक तास नसतो, आठवडे असतो. गार ठेवलेलं डांबर नुसतं बसूनही कडक होत जातं. शार्पवाल्यांना हे माहीत होतं, पण रोजच्या चाचणीत ते उतरलं नाही. किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातले प्राध्यापक सायमन हेस्प यांनी नेमका हाच धागा पकडला. कांडी तीन दिवस, ७२ तास, गार ठेवायची आणि मग वाकवायची. काही डांबरं तशीच राहतात, काहींचा ग्रेड बदाबदा घसरतो. कागदावर उणे २८, तीन दिवसांनी उणे वीस-बावीस. ऑन्टॅरिओच्या परिवहन मंत्रालयाने या चाचणीला एलएस-३०८ असा क्रमांक दिला. जोडीला एलएस-२९९ आहे, डांबराच्या तुकड्याला दोन्ही बाजूंनी खाच पाडून ताणायचा आणि फाटायला किती सहन करतो ते मोजायचं.

---

शंकासुर | रविवार, सकाळी १०:१५

पण प्रयोगशाळेत घसरलं म्हणजे रस्त्यावर फाटतं याला आधार?

---

थंडोबा | रविवार, सकाळी ११:५०

आहे. उत्तर ऑन्टॅरिओत टिमिन्स नावाचं खाणींचं गाव आहे, थंडी भयंकर. त्याच्या वरच्या बाजूला हायवे ६५५ वर २००३ मध्ये वेगवेगळ्या डांबरांचे तुकडे ओळीने टाकले. तीच खडी, तीच वाहतूक, तोच हिवाळा, फरक फक्त डांबराचा. काही तुकडे चांगले राहिले, काही भेगाळून गेले. हेस्प आणि शर्व्हेल यांनी २०१० मध्ये एक शोधनिबंध छापला, त्यात एक्सआरएफने जुन्या इंजिन ऑइलचा अंश शोधून तो रस्त्यावरच्या भेगांशी ताडून पाहिला. आज जस्त बघून रीओब हुडकतात त्या वाटेवरचा हा मोठा टप्पा. पुढे अमेरिकेच्या फेडरल हायवे खात्यानेही व्हर्जिनियातल्या आपल्या टर्नर-फेअरबँक केंद्रात राज्याराज्यांतून डांबराचे नमुने मागवून तेच केलं.

उद्योगाची बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितोय. प्रमाण कमी आणि मूळ डांबर चांगल्या जातीचं असेल तर फार बिघडत नाही, असं ते म्हणतात. मी पाहिलेल्या नमुन्यांत तरी हे बऱ्याच अंशी खरं निघालंय. दोन-तीन टक्क्यांत मलाही फरक सांगता येत नाही, दहाच्या पुढे गेलं की ७२ तासांची कांडी बोलायला लागते.

---

उपअभियंता_निवृत्त | रविवार, दुपारी ४:३०

धागा उत्तम. बांधकाम खात्यात बत्तीस वर्षं काढली, त्यातली अर्धी हॉटमिक्स प्लांटच्या धुरात. काही गोष्टी सांगतो.

पहिली, शब्दाची. डांबर म्हणजे खरं तर कोळशापासून निघणारं, रस्त्यावर असतं ते बिटुमेन. पण आता कोणी ऐकत नाही, मीही सोडून दिलं.

दुसरी, आपल्याकडची. आपल्या आयएस ७३ या भारतीय मानकात व्हीजी-३०, व्हीजी-४० असे चिकटपणाचे ग्रेड आहेत. ६० अंशांना चिकटपणा, २५ अंशांना सुई किती आत जाते, मऊ होण्याचा बिंदू. थंडीची कांडी त्यात नाही, आणि विदर्भातल्या रस्त्याला ती लागतही नाही. आपली दुखणी वेगळी, चाकोऱ्या आणि पाणी. भेसळही वेगळी. आमच्या काळात टँकर वाटेत ढाब्यामागे थांबायचा, डांबर उतरायचं आणि दगडाची पूड चढायची. ती ट्रायक्लोरोइथिलीनमधल्या विद्राव्यतेच्या चाचणीत पकडता येते, किमान ९९ टक्के विरघळलं पाहिजे. रॉकेल घातलं तर फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ पेट घेते ते तापमान, २२० अंशांच्या खाली येतो. पण थंडोबांचा हा रीओब? तो ट्रायक्लोरोइथिलीनमध्ये बराचसा विरघळतो आणि त्याचा फ्लॅश पॉइंटही उंच. या दोन्ही चाळण्यांतून सरळ खाली. पातळपणा आला असेल तर चिकटपणात कळेल, पण कडक डांबर घेऊन त्यात घातलं आणि बेरीज व्हीजी-३० वर आणून ठेवली तर कुठे अडणार?

आपल्याकडे हे होतं असं मी म्हणत नाही, माझ्या हातून असा नमुना कधी गेला नाही. शोधायला गेलोच नाही हेही तितकंच खरं.

तिसरी गोष्ट थंडोबांसाठी. तुमचा तो डबा कसला होता? जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या डब्यात गरम डांबर वर्षानुवर्षं राहिलं तर काय होईल, याचा विचार केलात का? समोरचा वकील शंकासुरांपेक्षा हुशार निघाला तर हेच विचारेल.

---

डांबरट | रविवार, दुपारी ४:५२

काका, दंडवत. सगळा धागा एक्सआरएफवर आणि काकांनी डब्याला हात घातला.

---

रसायनवाली | रविवार, संध्याकाळी ५:२०

+१. ब्लँक, म्हणजे तुलनेसाठी कोरा नमुना, घेतला होता का? पहिल्या वर्षाच्या पोरांना मी यावरूनच ओरडत असते.

---

थंडोबा | रविवार, संध्याकाळी ७:०५

ताई, ओरडा. डब्याचा ब्लँक घेतला नव्हता. शुद्ध डांबराचा घेतला होता, पण तो आमच्या काचेच्या भांड्यातला. सोमवारी बघून सांगतो. काका, झोप उडवलीत.

---

गॅरेजवाला | सोमवार, सकाळी ८:३०

माझा अडाणी प्रश्न. एवढं महाग यंत्र नसेल तर साधी चाचणी काही आहे का?

---

उपअभियंता_निवृत्त | सोमवार, सकाळी ९:१०

जाळा. मोजून डांबर मुशीत घ्या, भट्टीत पूर्ण जाळा, राख तोला. शुद्ध डांबर जवळजवळ सगळं उडून जातं. ऑइलच्या ॲडिटिव्हमधले धातू जळत नाहीत, राखेत राहतात. दगडाची पूड असली तरी राखेतच दिसेल, पण ती विद्राव्यतेच्या चाचणीत वेगळी काढता येते. राख जास्त आणि विद्राव्यताही बरी, असं निघालं तर संशय घ्यायला जागा आहे. भट्टी आणि चांगला तराजू तर कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात असतो.

---

थंडोबा | मंगळवार, रात्री १०:२५

डब्याचा निकाल.

नगरपालिकेकडून त्याच खोक्यातले तीन रिकामे डबे मागवले. कथिलाचा मुलामा असलेला पत्रा निघाला, जस्ताचा नाही. तरीही एका डब्यात आमचं शुद्ध डांबर १६० अंशांना ओतलं, झाकण लावून रात्रभर ओव्हनमध्ये ठेवलं आणि सकाळी एक्सआरएफ. जस्त शून्याच्या आसपास, लोखंड किंचित वाढलेलं. म्हणजे जस्त डांबरातलंच. काकांचा प्रश्न आता रिपोर्टमध्ये स्वतंत्र परिच्छेद म्हणून गेलाय, उत्तरासकट. राखही काढली, शुद्ध नमुन्याच्या कितीतरी पट जास्त आली. ७२ तासांच्या कांडीचा निकाल गुरुवारी.

---

थंडोबा | शुक्रवार, रात्री ९:००

एक तासाला पास. बहात्तर तासांना साडेसहा अंशांनी घसरलं. रिपोर्ट गेला.

आता मोठी निराशा. नगरपालिकेच्या बाईंचा फोन आला, म्हणाल्या वकिलाने कंत्राट वाचलं. त्यात लिहिलंय "पीजी ५८-२८". एक तासाच्या चाचणीत ते आजही पीजी ५८-२८ आहे. रीओब नको असं कुठे लिहिलेलं नाही, ७२ तासांचं नाव नाही, राखेची मर्यादा नाही. म्हणजे ठेकेदाराने मागितलेलाच माल दिला. भेगा भरण्याचा खर्च गावाचा.

हे फक्त छोट्या गावांचं नाही. ऑन्टॅरिओच्या तेव्हाच्या महालेखापरीक्षक बॉनी लायसिक यांच्या २०१६ च्या अहवालात हायवेंची अशीच कथा आहे. पंधरा वर्षं टिकायचे ते रस्ते एक ते तीन वर्षांत फाटले. त्यांनी तपासलेल्या पाच कंत्राटांत रस्ते करायला १४ कोटी ३० लाख डॉलर गेले होते, वर दुरुस्तीला २ कोटी ३० लाख. चाचण्या हाताशी असून मंत्रालयाने त्या कंत्राटात आणायला वर्षानुवर्षं लावली, हेही त्यात आहे. आणि काका, तुम्हाला आवडेल असं एक: नमुने लॅबपर्यंत पोचवायचं काम ठेकेदारांकडेच होतं, आणि वाटेत नमुने बदलले जातात हे मंत्रालयाला ठाऊक होतं.

---

उपअभियंता_निवृत्त | शुक्रवार, रात्री १०:१५

आवडलं कसलं, ओळखीचं वाटलं. आमच्याकडे नमुन्याचे दोन डबे करायचे असा नियम होता, एक ठेकेदारासमोर सील करून लॅबला, दुसरा कार्यालयाच्या कपाटात. कपाटाची किल्ली कुणाकडे असायची ते विचारू नका.

---

थंडोबा | शनिवार, सकाळी ८:४०

बाईंनी पुढच्या टेंडरसाठी मसुदा मागितलाय. ७२ तासांची चाचणी, राखेची मर्यादा, आणि डबा गावाच्या माणसाने स्वतः काढायचा, गावातच ठेवायचा. डांबर थोडं महाग पडेल हे त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, किती ते आधी सांग, मग नगरसेवकांशी बोलते. आकडा काढतोय.

---

गॅरेजवाला | शनिवार, दुपारी १:१०

काल तो माणूस पिंप न्यायला आला होता. धागा वाचून पहिल्यांदाच त्याला विचारलं, हे सगळं शेवटी जातं कुठे? पिंप टेम्पोत चढवता चढवता म्हणाला, "शेठ, पैसे मिळाले ना तुम्हाला?"